ऊन लागलं

आमच्या घरात एकच आजार होता : ऊन लागलं.
बाकीचे आजार मेयोत राहायचे,
हा आमच्याकडे, गोळीबार चौकाच्या मागे,
दोन खोल्या, आज्याचा बंद हातमाग
आणि दाराच्या खिळ्याला कांद्यांची जुडी.

मी शाळेतून दप्तर आपटत आले, ऊन लागलं.
सुमनमावशी लग्नाच्या सातव्या महिन्यात परत आली,
पेटी न उघडता भिंतीकडे तोंड करून निजली, ऊन लागलं.
आई कांदा किसायची, फडक्यात बांधायची,
तळपायांना चोळायची.
रडू आलंच कुणाला
तर खापर कांद्यावर.
वाईट नव्हती ती सोय.

मिलचं गेट उघडलं नाही तो डिसेंबर होता.
बाबा सायकल हातात धरून पायी आले,
डबा भरलेलाच,
आणि माठाशेजारी बसले.
तीन दिवस.
आई म्हणाली, "ऊन लागलं तुमाले."
आम्ही बहिणी गोधडीत खिदळलो. डिसेंबरात!
तिनं डोळे वटारले, किसणी घेतली.
कैऱ्या कुठल्या, म्हणून चिंचेचं पन्हं,
गूळ धकात्यांकडून उसना.
बाबा प्यायले.
घोट उतरताना त्यांचा गळा दोनदा अडला,
ते मी पाहिलं. खिदळणं तिथंच राहिलं.

पुढे डी.एड. केलं.
बालमानसशास्त्रात दहा मार्कांना हमखास :
नवजात बाळाला भावना एकच, नुसती खळबळ.
मग फाटे फुटतात. त्रास, आनंद,
त्रासातून राग, किळस, भीती,
दीड वर्षाच्या आसपास मत्सर.
मी पट्टी लावून झाड काढलं, फांद्यांना नावं दिली.
साडेआठ मिळाले.
आमच्याकडे अख्खं घर बुंध्यावरच भागवतं
हे कुणी विचारलं नव्हतं.

घरी येऊन आईला शिकवायला गेले :
बाबांना झालं ते ऊन नाही, त्याला विषाद म्हणतात.
"म्हनत असतील," आई म्हणाली.
"त्याले चोळाचं काय?"

बत्तीस वर्षं महापालिकेच्या शाळेत मी शब्द वाटले.
हेवा. धास्ती. ओशाळं. एकटं.
तिसरीतला रूपेश बाक कुरतडायचा.
त्याला "एकटं" दिलं.
कुरतडणं थांबलं नाही,
पण नंतर तो मला सांगून कुरतडायचा.

आई आता सत्त्याऐंशीची.
आधी वार गेले, मग पंख्याचं नाव,
मग आम्हा बहिणींची, धाकटीपासून वर.
मध्ये कधीतरी मावशीवरचा चाळीस वर्षांचा राग गेला.
फोटो पाहून हसते :
"कोन व ही? गोड दिसते."

यंदा जानेवारीत हे गेले.
तेरवी झाली, सतरंज्या परत गेल्या,
डब्यांची झाकणं ज्याची त्याला.
मी आईकडे गेले, स्वेटर, मोजे, शाळेतला आवाज :
"मी बरी आहे."
ह्यांचं तिला सांगितलं नव्हतं कुणी.
सांगून राहिलं नसतं.

"कोन व तू?" म्हणाली.
मग बघत बसली. खूप वेळ.
मी मास्तरीण, कुणी इतकं बघितलं की मी पाढे म्हणते मनात.
सतराचा म्हटला. सतरा आठे अडकले.

"ऊन लागलं व बाई तुले," ती म्हणाली,
"केवढं ऊन."

उठली. भिंत धरत दारापर्यंत गेली.
दार फ्लॅटचं, खिळा नाही.
हात तिथंच चाचपत राहिला.
वहिनीनं फ्रिजमधून कांदा आणून हातात दिला, थंडगार,
किसणी धरवत नाही म्हणून अख्खाच,
सालासकट.

बाहेर वॉचमननं शेकोटी पेटवली होती.
आई खाली बसली, वेळ लागला तिला बसायला.
मी मोजे काढून पाय पुढे केला.